जाड लोखंड गॅसने कापताना काय घडतं, आणि त्यातून गाडीचं वजन किती उतरतं

वजनकाट्यावरची चिठ्ठी हातात आली तेव्हा आधी वाटलं, काटाच बिघडलाय. पिकअप रिकामी, ड्रायव्हर खाली उतरलेला, आणि आकडा २,९८० किलो. आरसी बुकात माल-माणसांसकट एकूण वजनाची मर्यादा ३,४९० किलो. म्हणजे दोन माणसं, वेल्डिंगचा जनरेटर, गॅसचे सिलिंडर, जॅक, पान्यांच्या पेट्या हे सगळं ५१० किलोत बसवायचं. ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडरच साठ-पासष्ट किलो भरतो. आमचं काम कोल्हापूर-सांगली पट्ट्यात साइटवर जाऊन पोकलेन आणि लोडर दुरुस्त करायचं. अवजारंच नेता येत नसतील तर गाडीचा उपयोग काय?

गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाचा खडीचा क्रशर होता. त्याच्याकडे १६ मिलिमीटरच्या प्लेटा पडून होत्या, म्हणून त्याने हौद्याचा अख्खा तळ त्याच प्लेटेचा करून टाकला. मागच्या बाजूला व्हाइस बसवायला २५ मिलिमीटरच्या प्लेटेचं टेबल. मजबूत होतं, यात शंकाच नाही. पण त्यातलं बरंचसं लोखंड काहीही काम न करता नुसतं फिरत होतं, आणि त्याला फिरवण्याचं डिझेल मी भरत होतो.

गाडीचं वजन उतरवायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं: भोकं पाडा. माझ्याही आलं. मग कागद-पेन घेऊन बसलो. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड पोलादाचं वजन ७.८५ किलो. हा एक आकडा पाठ असला की बाकी सगळं तोंडी होतं. १६ मिलिमीटर प्लेट म्हणजे चौरस मीटरला १२५.६ किलो. आमचा हौदा २.४ मीटर लांब, १.७ मीटर रुंद. क्षेत्रफळ ४.०८ चौरस मीटर, म्हणजे नुसता तळ ५१२ किलोंचा!

आता त्यात १०० मिलिमीटर व्यासाचं एक भोक पाडलं तर निघतं जेमतेम एक किलो. अशी शंभर भोकं पाडली तर ९९ किलो. आणि त्यासाठी गॅस किती चालवायचा? एका भोकाचा घेर ३१४ मिलिमीटर, शंभर भोकांचे ३१ मीटरहून जास्त. शिवाय प्रत्येक भोकाला प्लेट नव्याने फोडायची. याउलट तळाला आडवे तीन काप दिले, तर ५.१ मीटर कापून अख्खा ५१२ किलोंचा तळ चार तुकड्यांत खाली उतरतो. जागी ३ मिलिमीटरची चेकर्ड, म्हणजे पाय घसरू नये म्हणून उंचवट्यांची नक्षी असलेली, प्लेट टाकली तर तिचं वजन शंभर-एकशे पाच किलो. म्हणून गॅस पेटवण्याआधी एक मीटर कापून किती किलो निघतात हे विचारावं. भोकांमध्ये मीटरला तीन किलो, तळ काढण्यात मीटरला शंभर किलो.

हे ठरलं, पण १६ आणि २५ मिलिमीटर कापायचं कसं? ग्राइंडरची चकती एवढ्या जाडीत रडते. इथे गॅस-कटरच पाहिजे. आणि गॅस-कटर चालतो कसा, याबद्दल रोज तो हातात घेणाऱ्यांमध्येही एक मोठा गैरसमज आहे.

बहुतेकांना वाटतं की ज्वाला इतकी गरम असते की लोखंड वितळतं आणि गळून पडतं. तसं नाही. गॅस-कटर लोखंड वितळवून कापत नाही, तो लोखंड जाळतो. जाळतो म्हणजे अक्षरशः जाळतो, लाकूड जळतं तसं.

दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्यातून उडणाऱ्या पिवळ्या चांदण्या म्हणजे लोखंडाचा कीस असतो, हवेत जळणारा. लोहाराच्या भट्टीत लोखंड जास्त वेळ राहिलं आणि भाता जोरात चालला की तेही तसंच चांदण्या टाकायला लागतं. लोहार लगेच म्हणतो, "जळालं". गंज चढणं हीसुद्धा लोखंडाची ऑक्सिजनशी होणारी तीच गाठ, फक्त वर्षानुवर्षं चालणारी. गॅस-कटर तेच काम काही सेकंदांत, आपल्याला हव्या त्या रेषेवर करतो.

नोझलचं तोंड जवळून पाहिलं तर सगळं कळतं. कडेने बारीक भोकांचं कडं असतं आणि मधोमध एक मोठं भोक. कडेच्या भोकांतून येते ती तापवणारी ज्वाला: ॲसिटिलीन किंवा एलपीजी, आणि त्यात मिसळलेला ऑक्सिजन. तिचं काम एवढंच, की लोखंडाला साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ठेवणं. पोलाद वितळतं १,५०० अंशांच्या आसपास, म्हणजे ते अजून घट्टच असतं. पण या ९०० च्या टप्प्यावर त्याला शुद्ध ऑक्सिजन मिळाला की ते पेट घेतं. खटका दाबला की मधल्या भोकातून तो शुद्ध ऑक्सिजन जोराने सुटतो, लोखंड जळतं, जळून तयार झालेला ऑक्साइड पातळ होतो आणि तोच झोत त्याला खाली ढकलून देतो. खाली जी लोहकीट साठते, ती या जळालेल्या लोखंडाची राख. आपण तिला स्लॅग म्हणतो.

आणि जाड प्लेट का कापली जाते, याचं उत्तर इथेच आहे. एक किलो लोखंड जळताना जी उष्णता बाहेर पडते, ती एक किलो लोखंड वितळवायला लागणाऱ्या उष्णतेच्या चार-पाच पट असते. वरचा थर जळतो, त्याची उष्णता खालच्या थराला पेटवते, तो त्याच्या खालच्याला. प्लेट स्वतःच स्वतःचं इंधन होते. ज्वाला फक्त वरचा पृष्ठभाग पेटता ठेवते. म्हणून २५ मिलिमीटरसाठी ज्वाला भयंकर मोठी करण्याची गरज नसते. मधला ऑक्सिजन पुरेसा आणि सरळ पाहिजे. मी स्वतः सुरुवातीला प्लेट जाड दिसली की ॲसिटिलीन वाढवायचो, आणि कापाची वरची धार मेणबत्तीसारखी गळायची.

ॲसिटिलीन आणि ऑक्सिजनची ज्वाला ३,००० अंशांच्या वर जाते, हे १८९५ मध्ये ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. आपल्याकडे आता बरेच वर्कशॉप एलपीजीवर कापतात. त्याची ज्वाला जरा कमी गरम, त्यामुळे सुरुवातीला तापायला जास्त वेळ लागतो, पण एकदा काप चालू झाला की फरक फारसा जाणवत नाही, कारण काम ऑक्सिजन करत असतो. दोन्हींची नोझल मात्र वेगळी असतात, ती अदलाबदल करून चालत नाहीत. आणि एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो गाडीखालच्या खड्ड्यात जाऊन बसतो.

ऑक्सिजनच्या शुद्धतेवर सगळं अवलंबून आहे. कापायचा ऑक्सिजन ९९.५ टक्के शुद्ध धरला जातो. त्यात एका टक्क्याची घट झाली तरी कापण्याचा वेग साधारण पाव हिश्शाने पडतो. सिलिंडर बदलल्यावर अचानक काप रखडायला लागला तर हातालाच दोष देऊ नका.

जळण्याची गोष्ट लक्षात आली की काय कापलं जाणार नाही, हेही आपोआप कळतं. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडला वितळायला २,००० अंशांहून कितीतरी जास्त उष्णता लागते, त्यामुळे तो पातळ होऊन वाहून जात नाही, वर कवच धरून बसतो आणि ऑक्सिजन खाली पोचतच नाही. ॲल्युमिनियमचं तसंच: धातू ६६० अंशांवर वितळतो, पण त्याच्या ऑक्साइडला २,००० च्या वर जावं लागतं. बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची, तऱ्हा उलटी. आमच्या कोल्हापुरात फाउंड्र्या इतक्या, की बिडाचे तुकडे पायाखाली येतात, आणि नवा पोरगा हमखास त्यावर कटर चालवून बघतो. बीड १,१५०-१,२०० अंशांना वितळतं, नीट पेटण्याआधीच चिखल होतं, आणि आतला ग्राफाइट जळणं अडवतो. काप पडत नाही, खड्डा पडतो. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, मात्र लोण्यासारखं कापलं जातं.

आता गाडीवरचं काम. गाडीवर कापणं आणि जमिनीवर ठेवलेली प्लेट कापणं यात फार फरक आहे. गाडीत डिझेलची टाकी आहे, ब्रेकच्या नळ्या आहेत, वायरिंग आहे, टायर आहेत. म्हणून आम्ही पहिलं काम केलं ते पान्याचं. हौदा चॅसीला यू-बोल्टने आवळलेला होता. ते सगळे सोडवले, चेन-ब्लॉकने हौदा उचलला, लाकडी ठोकळ्यांवर ठेवला आणि गाडी पुढे काढून घेतली. यात अर्धा दिवस गेला, आणि तो अर्धा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

हौदा सुटत नसेल आणि गाडीवरच कापावं लागणार असेल, तर दोन धोके सांगतोच, कारण त्यात माणसं गेली आहेत. एक म्हणजे चाक. टायर बसवलेल्या रिमवर किंवा नटावर गॅस कधीही मारायचा नाही. आतलं रबर तापून त्याचे वायू होतात आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडलेली असली तरी. दुसरा म्हणजे बंद पोकळी. दोन्ही तोंडं बंद केलेला पाइप, पेटीसारखा बंपर, शॉक ॲब्सॉर्बर. आतली हवा, अडकलेलं पाणी किंवा तेल तापून फुगतं आणि वाट काढतं, बहुतेक वेळा आपल्या चेहऱ्याकडे. आधी ड्रिलने भोक पाडा, आत काय आहे ते बघा, मगच गॅस. डिझेलच्या जुन्या टाकीला किंवा पिंपाला तर, रिकामं असलं तरी, हात लावू नका.

सिलिंडरचं थोडक्यात. काळा तो ऑक्सिजन, मरून तो ॲसिटिलीन. इंधनाच्या जोडाचे आटे उलटे असतात आणि नटाला खाचा असतात, म्हणजे अंधारातही चुकीची नळी बसू नये. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस, ग्रीसचा हातसुद्धा लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपणहून पेटतं. गॅरेजमध्ये सगळ्यांचे हात ग्रीसचे असतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ॲसिटिलीनचा दाब १ किलोच्या (म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो) वर न्यायचा नाही, कारण त्यापुढे तो ऑक्सिजन नसतानाही फुटू शकतो. सिलिंडरमध्ये तो ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो, म्हणून तो सिलिंडर उभाच हवा. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्वाला उलटी नळीत शिरू न देणारे अडसर, हवेत. आणि अंगावरची धूळ ऑक्सिजनने उडवायची सवय असेल तर ती आज सोडा. ऑक्सिजन मुरलेला शर्ट एका ठिणगीने भडकतो.

आमच्याकडे कापायला जे मिस्त्री येतात त्यांचा हात बघत राहावा असा आहे. त्यांनी आधी रंग आणि गंज वायर-ब्रशने काढला. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि गॅल्वनाइजच्या जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून. सोपस्टोनने रेघ मारली, रेघेवर दर इंचाला पंचने ठोका दिला. ज्वालेच्या उजेडात खडूची रेघ दिसेनाशी होते, ठोके दिसतात. रेघेला समांतर एक अँगल क्लॅम्प केला, कटर टेकवून चालवायला. फरशीवर वाळू पसरली, कारण तापलेली कीट काँक्रीटवर पडली की काँक्रीटचे टवके उडतात.

ॲसिटिलीन पेटवला तेव्हा काजळी उडाली. काजळी थांबेपर्यंत तो वाढवला, मग हळूहळू ऑक्सिजन सोडला. ज्वालेतला लांब पांढुरका पिसारा आखडत आखडत आतल्या छोट्या सुळक्यांत मिसळला आणि सुळके धारदार झाले. ही न्यूट्रल ज्वाला, म्हणजे इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही बरोबर प्रमाणात. मग खटका दाबून पाहिला. दाबल्यावर ज्वाला बदलते, म्हणून तेव्हाही ती न्यूट्रल राहील अशी पुन्हा जुळवली. ही दुसरी जुळवणी बहुतेक जण करतच नाहीत.

२५ मिलिमीटरच्या टेबलाला १/१६ इंची नोझल, ऑक्सिजन ३ किलोच्या आसपास. सुळक्यांची टोकं प्लेटेपासून तीनेक मिलिमीटर वर. कडेपासून सुरुवात. कड लाल झाली तसा आमचा हेल्पर म्हणाला, "मामा, दाबा की आता."

"लाल न्हाई रं. पिवळ्याकडं झुकू दे. घाई केलीस तर निम्मंच कापतंय, खालचं तसंच ऱ्हातंय."

आणि खरंच, थोडं थांबून कड उजळ केशरी झाली, मग त्यांनी खटका हळू दाबला. ठिणग्यांचा झोत सरळ खाली गेला. झोत वर उडाला असता तर समजायचं की ऑक्सिजन आरपार गेलेला नाही. मिस्त्री ज्वालेकडे बघतच नव्हते. ते बघत होते कापाच्या फटीत, आणि ऐकत होते. चांगल्या कापाचा आवाज कापड फाडल्यासारखा सलग येतो. फट-फट आवाज आला की वेग किंवा उंची चुकली.

कापलेली कड म्हणजे प्रगतिपुस्तक आहे, फेकण्याआधी ती वाचा. कडेवर उभ्या बारीक रेघा दिसतात. रेघा जवळपास सरळ उभ्या असतील तर वेग बरोबर. खाली जाताना मागे वळल्या असतील तर हात पळत होता, खालचं लोखंड जळायला मागे राहिलं. वरची धार गोल होऊन गळली असेल तर हात रेंगाळला किंवा ज्वाला मोठी होती. खाली कीट चिकटली आणि हातोडीच्या एका टपलीत निघाली तर उत्तम. छन्नी लागली तर नोझल साफ करा किंवा वेग सुधारा. नोझलचं मधलं भोक जराही चेमटलं की झोत फाटतो आणि काप दाढीच्या खुंटांसारखा येतो.

एक गोष्ट मापात विसरली जाते. काप स्वतः लोखंड खातो, या जाडीला दोन-तीन मिलिमीटर. तुकडा वापरायचा असेल तर रेघेच्या बाहेरून कापायचं. आम्हाला टेबलातून व्हाइसच्या खालचा ६०० बाय ४०० मिलिमीटरचा भाग ठेवायचा होता. टेबल १४७ किलोंचं, ठेवलेला भाग ४७ किलोंचा. शंभर किलो तिथेच उतरले. आतले कोपरे काटकोनात न कापता गोल ठेवले, कारण धारदार कोपऱ्यातच पुढे चीर सुरू होते, आणि कापलेल्या कडा ग्राइंडरने गुळगुळीत केल्या.

तळ कापताना गंमत वेगळी होती. प्लेट एका बाजूने तापली की फुगते, थंड होताना आखडते. लांब पट्टी कापली तर ती केळ्यासारखी वाकते. ते तुकडे सरळच राहिले पाहिजेत असं आम्हाला काही नव्हतं, पण वाकताना प्लेट कटरला चिमटा काढते आणि तुकडा अचानक निसटतो. एक तुकडा १२८ किलोंचा! म्हणून प्रत्येक कापात दोन ठिकाणी बोटभर लोखंड न कापता सोडलं, तुकडा चेनला ताणून धरला, सगळे बाजूला झाले, आणि मग ते दोन टाके शेवटी सोडवले. आडव्या पट्ट्यांना जिथे वेल्ड होतं तिथे गॅस न मारता ग्राइंडर चालवला. जाडसर काम गॅसचं, नाजूक काम चकतीचं.

चॅसीला मात्र गॅस लावायचा नाही. वजन उतरवायच्या नादात लोक चॅसीच्या उभ्या पट्ट्यांत भोकं पाडतात. ते पोलाद खास ताकदीचं असतं. गॅसच्या उष्णतेने कापाशेजारच्या पट्ट्यात त्याचा गुण बदलतो, आणि तिथूनच एखाद्या खड्ड्यात ती तडकते. वरची आणि खालची पट्टी, म्हणजे फ्लँज, वाकण्याचा सगळा ताण घेते. तिला तर ड्रिलसुद्धा नको.

१६ मिलिमीटरचा तळ गेल्यावर हौद्याचा ताठरपणाही थोडा गेला. तो परत आणायला ७५ मिलिमीटरचे चार आडवे चॅनेल टाकले, मिळून अठ्ठेचाळीस किलो, आणि वर ३ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट. जाड प्लेट जे काम वजनाने करत होती, ते चॅनेल आकाराने करतं. सिलिंडर, जनरेटर जिथे बसतात तिथेच चॅनेल आले पाहिजेत, हे आधी खडूने आखून घेतलं.

बदल करण्याआधी आरटीओकडे जाऊन या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि रिकाम्या गाडीचं वजन त्या नोंदीत असतं. उलट वजन मर्यादेवर गेलं तर कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये.

काम संपल्यावर अर्धा तास कोणी जागेवरून हललं नाही. लाकडी ठोकळ्यात शिरलेली ठिणगी वीस मिनिटांनी धूर धरते, हे आम्ही पाहिलेलं आहे. मग पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी हौदा चढवला आणि त्याच काट्यावर गेलो. २,५२० किलो. ४६० किलो उतरले. पण परतीच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात उसळायला लागली. आधीच्या मालकाने ते वजन पेलायला मागच्या कमानीत एक पाटा वाढवला होता. तो आता जास्त झाला. पाटा काढला की गाडीची मागची उंची बदलते, आणि मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा व्हॉल्व्ह ती उंची बघूनच काम करतो. तो जुन्या उंचीवर राहिला तर मागची चाकं लवकर लॉक होतात किंवा ब्रेक कमी लागतो. म्हणून पाटा काढला त्याच दिवशी त्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाला लावून घेतली, आणि मोकळ्या रस्त्यावर आधी रिकामी, मग भरलेली गाडी दाबून थांबवून बघितली.